आधी बांधावर, मग बोर्डावर: खान्देशातल्या टीमसाठी तंत्रज्ञान स्पर्धांची तयारी

गणपती जवळ आले की आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘सहावी मेंबर पाहिजे. मुलगीच हवी. काम काही नाही, फक्त नाव.’ स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या केंद्र सरकारच्या कॉलेज-स्पर्धेच्या टीममध्ये सहा जण लागतात आणि त्यात किमान एक मुलगी असावी असा नियम आहे, त्याची ही कृपा. त्याच रात्री विषय ठरतो, बहुधा ‘आयओटी आधारित स्मार्ट शेती’, म्हणजे शेतातली यंत्रं इंटरनेटला जोडणं. दुसऱ्या दिवशी सर्किटचा बोर्ड मागवला जातो. आठवड्याने कुणीतरी विचारतं, हे नेमकं कोणासाठी करतोय आपण?

हा क्रम सुलटा केला तर निम्मी लढाई तिथेच जिंकली. जळगाव, धुळे, नंदुरबारची मुलं हुशारीत कुठे कमी पडत नाहीत. परीक्षकाने ‘हे वापरणारा माणूस कोण?’ विचारलं की मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून या लेखात सर्किटपेक्षा शेत जास्त आहे.

कोणती स्पर्धा आपली?

शाळेत असाल तर पहिलं नाव इन्स्पायर मानक. केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग आणि नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन मिळून ती चालवतात. एका शाळेला पाच कल्पना पाठवता येतात. निवड झाली की मॉडेलसाठी १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात, आणि मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या. अर्ज ऑनलाइन आणि शाळेमार्फत होतो, म्हणजे विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना शाळा सुरू झाल्या झाल्याच गाठायचं. ज्वालामुखीचं मॉडेल आणि पवनचक्कीवरचा दिवा इथे चालत नाही. कल्पना मुलाची स्वतःची हवी.

मुलींसाठी टेक्नोव्हेशन गर्ल्स आहे: वय ८ ते १८, टीममध्ये जास्तीत जास्त पाच जणी, आपल्या परिसरातल्या प्रश्नावर ॲप बनवायचं आणि व्हिडिओतून मांडायचं. फी नाही. कन्या शाळांनी याकडे का बघू नये, हे मला अजून कळलेलं नाही.

कॉलेजवाल्यांसाठी मुख्य दोन. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासून चालू आहे. मंत्रालयं, सरकारी विभाग आणि कंपन्या प्रश्न देतात, आधी कॉलेजातली अंतर्गत फेरी होते आणि तिथून नावं पुढे जातात. अंतिम फेरीत सॉफ्टवेअरला सलग ३६ तास, हार्डवेअरला काही दिवस. दिलेल्या प्रश्नांत आपला प्रश्न नसेल तर ‘स्टुडंट इनोव्हेशन’ या गटात स्वतःचा विषय घालता येतो. दुसरी ‘आविष्कार’, महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमधली संशोधन स्पर्धा. आपल्याकडे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या फेऱ्या पार कराव्या लागतात. तिच्यात सहा विद्याशाखीय गट असतात, शेती आणि पशुसंवर्धनाचा वेगळा. हॅकेथॉनला चालणारी वस्तू दाखवावी लागते, आविष्कारला मोजलेली माहिती. शहाणी टीम एकाच कामातून दोन्ही साधते. मोजमाप उन्हाळ्यात, हॅकेथॉन पावसाळ्याच्या शेवटी, आविष्कार हिवाळ्यात.

तेव्हा सुरुवात करायची ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. तारखा दर वर्षी मागेपुढे होतात, त्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा, ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका.

टीम

यावर फार लिहिण्यासारखं नाही. कोडिंगवाले सहा जण घेऊ नका. एक जण शेतकऱ्याच्या घरचा असावा, एकाला अहिराणी, लेवा किंवा पावरी, जिथे काम करणार तिथली बोली, घरच्यासारखी यावी, एकाचं लिखाण बरं असावं. आणि ती सहावी मेंबर: कापूस वेचणाऱ्या, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका तुमच्या प्रकल्पाच्या वापरकर्त्या असतील, तर त्या पाठीच्या, बोटांच्या, बाळाला बांधावर झोपवण्याच्या गोष्टी पाच मुलांच्या घोळक्याला सांगणार नाहीत. तिला सांगतील. ‘फक्त नाव’ म्हणून घेतलेली मुलगी ही टीमची सगळ्यात मोठी उधळपट्टी.

प्रश्न शोधणं

इथे घाई करायची नाही. एका गावात, एका प्रश्नासाठी, निरनिराळ्या वेळांना जा. पहाटे, भर दुपारी, आणि शक्य झालं तर रात्री. ‘तुमच्या समस्या काय?’ असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर ठरलेलं आहे: पाऊस नाही, भाव नाही, सरकार ऐकत नाही. सगळं खरं, पण त्यावर तुम्ही सहा महिन्यांत काही करू शकत नाही. त्याऐवजी विचारा, ‘काल सकाळपासून काय काय केलं?’ मग, ‘हे शेवटचं कधी बिघडलं होतं? तेव्हा काय केलं? किती पैसे गेले?’ ज्या अडचणीवर माणसाने स्वतःच्या खिशातून काहीतरी जुगाड केलेलं आहे, ती अडचण खरी. तो जुगाड बघा, त्याचा फोटो काढा, तारा कुठून कुठे गेल्यात ते वहीत काढा.

रात्रीच्या पंपाचंच घ्या. शेतीची थ्री फेज लाइट आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. अमळनेर-धुळ्याकडे कुठल्याही बांधावर उभं राहा, ऐकू येईल: ‘लाईट रातले येस, मंग झोपानं कव्हय?’ (लाइट रात्री येते, मग झोपायचं कधी?) अंधारात विहिरीपर्यंत जायचं, साप-विंचवाची भीती, काही भागांत बिबट्याची. टीमच्या डोक्यात लगेच उत्तर येतं, मोबाइलवरून मोटार चालू करणारं यंत्र! पण ते बाजारात कधीचं मिळतं. त्याहून स्वस्त ‘ऑटो’ बहुतेकांच्या स्टार्टरच्या पेटीत बसवलेला असतो: लाइट आली की मोटार आपोआप चालू.

आता खरी गोष्ट. डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, जेवढ्या मोटारी आहेत त्या सगळ्यांना ऑटो असेल तर लाइट येताक्षणी सगळ्या एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. भार एकदम पडतो, डीपी जळतो, आणि मग ऐन पिकाच्या वेळी सगळेच अंधारात. म्हणून तर ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा असं महावितरण शेतकऱ्यांना परत परत सांगतं. शेतकरी ऐकत नाही, कारण ऑटो काढला तर त्याची झोप जाते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

प्रश्न इथे आहे. एकेका शेतकऱ्याची मोटार घरून चालू करणं हा सुटलेला प्रश्न. एका डीपीवरच्या पंधरा-वीस मोटारी एकामागून एक, थोड्या थोड्या अंतराने सुरू करणं, आणि कोणाची आधी कोणाची नंतर यावर भांडण न होता सुरू करणं, हा अजून मोकळा असलेला प्रश्न. प्रत्येक पेटीत वेगवेगळा उशीर लावणारं शे-दोनशे रुपयांचं टायमर सर्किटही इथे चालून जाईल. तांत्रिकदृष्ट्या ते ‘एआय’पेक्षा फार साधं आहे, आणि परीक्षकासमोर त्याला जास्त वजन आहे. फक्त थ्री फेजच्या पेटीत स्वतः हात घालायचा नाही. प्रयोगशाळेत छोट्या मोटारीवर दाखवा, शेतातल्या पेटीला परवानाधारक वायरमनच हात लावेल.

आणखी एक बघायचं: वापरणारा कोण? मालक जळगावात राहतो, त्याच्याकडे स्मार्टफोन आहे, तो तुमच्या ॲपचं कौतुक करेल. व्हॉल्व्ह फिरवणारा मात्र सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी असतो, आणि त्याच्या खिशात बटणाचा मोबाइल असतो. मुलाखत सालदाराची घ्या. मालकासमोर नको, एकट्याची.

असे प्रश्न आपल्याकडे पावलोपावली आहेत. नंदुरबारला पथारीवर वाळत घातलेली मिरची अवकाळी पावसाने भिजते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोअरची पातळी खाली जातेय, पण कोणत्या बोअरमध्ये कोणत्या महिन्यात किती, याची नोंद शेतकऱ्याकडे नसते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंजच नाही, त्यामुळे ‘क्लाउडवर डेटा जाईल’ हे वाक्य तिथे म्हणू नये. सिकलसेलसारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करायचं असेल तर निदान करणारं यंत्र बनवण्याच्या भानगडीत पडू नका. औषधाची, पाठपुराव्याची आठवण आशाताईंच्या वहीशी जुळेल अशी कशी ठेवता येईल ते बघा, आणि आरोग्य विभागाच्या लेखी परवानगीशिवाय रुग्णाचं नाव किंवा फोटो कुठेही घेऊ नका. कुपोषित मुलांचे फोटो स्लाइडवर टाकणं तर सरळ बंद करा.

एवढं झालं की प्रश्न एका वाक्यात लिहा. माणूस, जागा, वेळ, नुकसान, चारही त्यात यायला हवेत. ‘शेतकऱ्यांना पाण्याचं नियोजन जमत नाही’ हे वाक्य बाद. ‘रात्रपाळीच्या आठवड्यात लाइट येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपी जळतो आणि दुरुस्त होईपर्यंत वीस शेतांचं पाणी थांबतं’ हे चालेल.

आधी कोणी केलंय का?

गुगलवर पाच मिनिटं बघून ‘असं काहीच नाही’ लिहिणाऱ्या टीमा परीक्षक पहिल्या दोन प्रश्नांत ओळखतात. शहरातल्या कृषी साहित्याच्या आणि मोटार-स्टार्टरच्या दुकानांत जा, दुकानदाराला विचारा काय खपतं आणि काय परत येतं. परत आलेल्या मालाची कारणं म्हणजे खजिना असतो. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. पाल, धुळे आणि नंदुरबार इथली कृषी विज्ञान केंद्रं आणि जळगावचं केळी संशोधन केंद्र यांना फोन करून वेळ मागा. विद्यार्थ्यांना तिथले लोक सहसा परत पाठवत नाहीत.

केळीचंच उदाहरण. ‘पानाचा फोटो काढा, रोग ओळखा’ हा दर वर्षीचा लाडका प्रकल्प. मुलं प्लांटव्हिलेज हा पानांचा मोफत फोटोसंग्रह उतरवून मॉडेल, म्हणजे फोटो ओळखणारा प्रोग्राम, शिकवतात आणि ९९ टक्के अचूकता दाखवतात. त्या संग्रहात १४ पिकं आहेत, त्यात केळी नाही, कापूसही नाही. शिवाय त्यातले फोटो साध्या पार्श्वभूमीवर एकेक पान ठेवून काढलेले आहेत. बागेतल्या उन्हा-सावलीत ते मॉडेल गडबडतं. आणि समजा ओळखलं, पुढे काय? केळीवर येणाऱ्या कुकुंबर मोझॅक विषाणूवर औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करायचं आणि विषाणू पसरवणारा मावा आवरायचा, एवढंच हातात असतं. म्हणजे शेतकऱ्याला रोगाचं नाव कळून भागत नाही. कोणत्या ओळीतली किती झाडं कधी काढली, शेजारच्या बागेत लागण आहे का, जवळपास काकडीवर्गीय पिकं आहेत का, याची नोंद त्याला हवी. तीन दिवसांत बनणारा कागदी तक्ता आणि साधा नकाशा इथे मॉडेलपेक्षा पुढे जाईल.

नमुना बनवताना

पहिला नमुना पुठ्ठ्याचा. बटणं काढलेली, दिवे रंगवलेले. तो सालदाराच्या हातात द्या आणि गप्प बसा. तो कुठे दाबतो ते बघा. समजावून सांगायचा मोह आवरा.

मग इलेक्ट्रॉनिक्स. ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी नियंत्रक चिप) चा बोर्ड साधारण चार-पाचशे रुपयांत येतो, बाकीचं सामान मिळून पहिला नमुना दोन-तीन हजारांत बसायला हवा. बसत नसेल तर कल्पना अजून जाडी आहे.

आता आपल्या मुलखाचा खास शत्रू, ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. नेहमीचा लिथियम-आयन सेल ० ते ४५ अंशांतच चार्ज करायचा असतो. म्हणजे बाहेरची हवाच मर्यादेपलीकडे. त्यात तुम्ही तो काळ्या प्लास्टिकच्या बंद डब्यात, सोलर पॅनेलच्या खाली चिकटवलेला. सेल फुगतो, नाहीतर संरक्षक सर्किट चार्जिंग थांबवतं आणि दुपारनंतर यंत्र गपगार. प्रदर्शनाच्या एसी हॉलमध्ये हे कधीच कळत नाही. उपाय महाग नाहीत: पांढरा डबा, खालच्या बाजूने हवा खेळायला जाळीची भोकं, पॅनेल आणि डबा यांत हातभर अंतर, डबा झाडाच्या किंवा पंपघराच्या सावलीत, आणि चार्जिंग सकाळच्या वेळात होईल अशी मांडणी. डब्यात एक थर्मामीटर ठेवा आणि दुपारी दोन ते चारच्या नोंदी काढा. तो एक आलेख स्लाइडवर टाकलात तर परीक्षक पुढचा प्रश्न आदराने विचारतात.

काळी जमीन दुसरी. सुकली की तिला भेगा पडतात, मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर भेगेत लोंबकळतो आणि हवेचा ओलावा मोजत बसतो. दोन काट्यांचा स्वस्त सेन्सर तर काही आठवड्यांत गंजून जातो. कपॅसिटिव्ह (उघडे धातूचे काटे नसलेला) घ्या, त्याच्या वरच्या उघड्या भागावर इपॉक्सी लावा, आणि मुख्य म्हणजे कंपनीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. त्याच शेतातली माती घ्या, वजन करा, १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये सुकवा, परत वजन करा. फरक म्हणजे पाणी. कमी-जास्त ओलाव्याचे सात-आठ नमुने असे मोजून सेन्सरच्या आकड्यांशी जुळवा. ओव्हन तुमच्या सिव्हिलच्या प्रयोगशाळेत असतोच, नाहीतर धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात विचारा.

रेंज नसलेल्या ठिकाणी लोरा रेडिओ (कमी विजेवर थोडी माहिती लांबवर पाठवणारा) बरा. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो. ऑनलाइन मागवताना ९१५ चा मॉड्यूल गळ्यात पडतो, तो अमेरिकेसाठीचा. उंदीर वायर कुरतडतात, फवारणीचं औषध जोडांत शिरतं, बैल खांबाला अंग घासतो. वायर जाड पाइपातून घ्या आणि जोड खालच्या तोंडाने ठेवा.

मोजा, आणि आधीचंही मोजा

यंत्र बसवल्यानंतरचे आकडे सगळ्यांकडे असतात. बसवण्याच्या आधीचे फार थोड्यांकडे. कमीत कमी दोन आठवडे काहीही न बसवता नोंद ठेवा: लाइट कधी आली, मोटार कधी सुरू झाली, किती वेळा कोण उठून गेलं. मग यंत्र बसवून तेवढेच दिवस. जमलं तर शेजारचं एक शेत तसंच ठेवा, तुलनेसाठी. मध्ये पाऊस पडला तर तेही लिहा. आकडा छोटा आला तर छोटाच सांगा. ‘४० टक्के पाणी वाचतं’ म्हणणाऱ्याला परीक्षक ‘कशावरून?’ विचारतो आणि तिथे गाडी अडते.

सांभाळणार कोण?

धुळे जिल्ह्यात पांझरेवरची फड पद्धत बघायला एकदा टीम घेऊन जा. नदीवर बंधारा, पाट, शेतं फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक. काही शतकं चाललेली ही व्यवस्था दगडी बंधाऱ्यावर जेवढी उभी आहे तेवढीच माणसांवर: पाणी फिरवणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, आणि त्यांचा मोबदला गावाने ठरवलेला. तुमच्या यंत्राचा पाटकरी कोण? सेन्सर कोण पुसेल, सिमचा रिचार्ज कोण मारेल, बिघडलं तर तालुक्याच्या गावात कोण दुरुस्त करेल आणि किती घेईल? या चार उत्तरांची एक स्लाइड बनवा. पर्यावरणाच्या प्रकल्पात आणखी एक जोडा: जुनी बॅटरी शेवटी कुठे जाणार?

अर्ज आणि सादरीकरण

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचा ठरलेला साचा असतो, मोजक्या स्लाइडांचा. साचा मोडू नका. पहिल्या मजकुराच्या स्लाइडवर ते एक वाक्य आणि शेतातला एक फोटो, अर्थात परवानगी घेऊन. प्रस्तावनेत ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ लिहिलेलं दिसलं की ती ओळ खोडा, परीक्षकाला ते माहीत आहे.

बोलताना इंग्रजीचं दडपण घेऊ नका. तांत्रिक शब्द इंग्रजीतले राहू द्या, बाकी हिंदीत स्वच्छ बोललात तरी चालतं. तालीम मात्र अशा माणसासमोर करा ज्याला तुमचा विषय माहीत नाही. कॉमर्सचा मित्र उत्तम. हॉलमध्ये वायफाय बंद पडणारच असं धरून चला, चालू यंत्राचा व्हिडिओ मोबाइलमध्ये आणि पेनड्राइव्हवर ठेवा. सुटे सेल, एक जादा बोर्ड, सोल्डरिंग गन आणि इन्सुलेशन टेप ही शिदोरी. ३६ तासांत सगळ्यांनी जागायचं नसतं, दोन-दोन जणांनी आळीपाळीने झोपायचं. पहाटे चारला थकलेल्या डोळ्यांनी बदललेला कोड सकाळी नऊच्या परीक्षकासमोर बसतो.

‘मला माहीत नाही, पण हे असं तपासून बघू’ हे उत्तर चालतं. थापा लगेच पकडल्या जातात.

पेटंट, आणि स्पर्धेनंतर

कल्पना खरोखर नवी वाटत असेल तर सगळ्यांसमोर मांडण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज भरा. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन भरला तर सरकारी फी १,६०० रुपये, आणि त्यानंतर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. आधी यूट्यूबवर व्हिडिओ टाकून मग पेटंटला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं. अर्जावर कोणाकोणाची नावं, कॉलेजचा हिस्सा किती, हे टीम बसून लेखी ठरवा, बक्षीस लागण्याच्या आधी. बक्षिसाच्या रकमेचंही तसंच.

निकाल काहीही लागो, शेतातलं यंत्र गुपचूप उचलून आणू नका. चालत असेल तर मालकाला आणि सालदाराला विचारून तिथेच ठेवा, डब्यावर मराठीत बंद करायची पद्धत आणि तुमच्यापैकी एकाचा फोन नंबर रंगाने लिहा, कारण कागदी लेबल पहिल्या पावसात जातं. चालत नसेल तर काढून आणा, खड्डा बुजवा आणि मोजलेल्या नोंदींची एक प्रत त्यांना द्या. पुढच्या वर्षीची टीम बहुतेक त्याच बांधावर जाणार असते.